शेडातून निघालेली अर्धी बस

आबा, तुमच्या शेडातून काल एक गाडी अर्धी, काम पुरं न होता, बाहेर पडली. मीच ती विकली, मीच दाराचे दोन्ही पत्रे ढकलले आणि गाडी हायवेला लागेपर्यंत उभी राहून बघितलं. नारळ फोडला नाही, चाकाखाली लिंबू ठेवलं नाही. तुमच्या नावानं कुणी काही बोललं असेल तर बोलू दे, उंब्रजमध्ये बोलणाऱ्यांची तशीही कधी टंचाई नव्हती. तुम्हाला हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

गाडी म्हणजे बस. साताऱ्यात मी ज्या शाळेत शिकवते, तिची ही जुनी पिवळी बस. मुलांना न्यायचं तिचं वय संपलं तेव्हा शाळेनं ती विकायला काढली आणि मी घेतली. आधी सगळ्यांना वाटलं बाईंना धंदा सुचला. मग मी सांगितलं की मागची बाकं काढून आत दिवाण करणार, ओटा करणार आणि वाटेल तिथं जाऊन राहणार. एका सहशिक्षिकेनं विचारलं, "एकट्या?" मी हो म्हटलं, आणि एकाएकी सगळ्या स्टाफरूमला वह्या तपासायची घाई झाली. मला त्या दिवशी फार मजा आली. चोपन्नाव्या वर्षी माणसाला गप्प बसवता येतं हे काय थोडं झालं?

काम करायला मी बस तुमच्याच शेडात आणली, तुम्ही ट्रकच्या बॉड्या बांधायचात तिथं. शेड आता मिस्त्रींचं आहे, तुमच्या हाताखाली शिकलेल्या, तुम्ही ज्यांना उठता-बसता शिव्या हासडायचात त्या मिस्त्रींचं. सत्तरीला टेकलेत, तरी एका डोळ्यानं फळीचा बाक ओळखतात. त्यांनी मला मागचा कोपरा रिकामा करून दिला. दोन वर्षं, रविवार आणि सुट्ट्या धरून आम्ही दोघं राबलो. तुमच्या वेळी मला त्या शेडात फक्त भुसा झाडायची परवानगी होती, रंध्याला हात लावला की तुम्ही नुसते बघायचात आणि मी हात मागं घ्यायची. आता रंधा मीच मारला. दिवाण माझ्या हातचा आहे, आतला खण सुरळीत सरकतो. ओट्यावरून मात्र मिस्त्रींशी आठवडाभर वाद झाला. चुलीचं तोंड पूर्वेलाच पाहिजे म्हणून ते अडून बसले. मी म्हटलं, अहो, चाकांवरचा ओटा आहे, पहिल्या वळणाला पूर्व बदलेल. ते म्हणाले, तरीपण. शेवटी बस शेडात जशी उभी होती त्या हिशेबानं ओट्याचं तोंड पूर्वेला केलं. हसू नका, तुम्हीही तेच केलं असतं.

छताला आतून फळ्या लागायच्या राहिल्या होत्या, मागच्या बाजूला लोखंडाच्या फासळ्या उघड्या होत्या, पाण्याची टाकी आणलेली पण बसवलेली नाही. अशात मे महिन्यातल्या एका दुपारी मी दिवाणावर आडवी झाले. खिडकीच्या गजांमधून हायवे दिसतो. ट्रक चाललेत, उसाचे नव्हेत, सीझन संपलाय. मी छान पडून आहे आणि मला कळतंय की मला कुठंच जायचं नाही. साताऱ्यातल्या माझ्या दोन खोल्या मला आवडतात. सकाळी अजिंक्यताऱ्यावर ऊन येतं ते माझ्या न्हाणीच्या झरोक्यातून दिसतं, तेवढं मला पुरतं. मला फक्त निघता येतं का ते बघायचं होतं. आणि ते तर मी केव्हाच बघून ठेवलं होतं. त्याच दिवशी मी मिस्त्रींना म्हटलं, बस आहे तशी विकायची.

ते ऐकून म्हातारा खालीच बसला. तुमच्या शेडाचा नियम मला माहीत नव्हता असं नाही. मी दहा वर्षांची असताना एक ट्रकमालक आला होता, ऊस तोडून शेतात पडलाय म्हणून ओरडत. सगळी बॉडी बांधून झाली होती, मागचा फाळका तेवढा राहिला होता. तो म्हणत होता दोरी बांधून नेतो. तुम्ही हातातलं पटाशी-हातोडं खाली ठेवलं आणि शेडाच्या दारात मांडी घालून बसलात. "फाळका बसल्याबिगर गाडी न्हाई जायाची. न्यायचीच आसंल तर माज्यावरनं न्या." तो आईबहिणीवर आला, मग दमला, मग चहा प्याला, आणि संध्याकाळी फाळका बसल्यावर तुम्हाला नमस्कार करून गाडी घेऊन गेला. त्या दिवशी माझ्या बापाइतका मोठा माणूस जगात कुणी नव्हता. हेही खरं आहे, म्हणून लिहिते.

पण तोच नियम तुम्ही मला लावलात. सांगलीहून, सासरहून मी परत आले तो दिवस. तुम्ही स्वयंपाकघरात जेवायला बसला होता, आई भाकरी थापत होती. मी दारात पिशवी ठेवली आणि म्हणाले, मी आता तिकडं जाणार नाही. आईचा हात थांबला. तुम्ही माझ्या डाव्या मनगटावरच्या वळाकडं बघितलंत, दोनदा बघितलंत, मी मोजलंय. मग ताटाकडं बघत म्हणालात, "आपल्या शेडातनं अर्धी गाडी कवा भाईर पडली न्हाई. तू तीन वर्सांत संसार टाकून आलीस. जा, पुरा कर." संसार पुरा करायचा म्हणजे नेमकं काय करायचं असतं, आबा? फळ्या किती लागतात त्याला? माणसानं मरेपर्यंत तिथं राहिलं की तो पुरा होतो? तुम्ही लाकडाचे कारागीर होता, माणसांचं तुम्हाला काही कळत नव्हतं, आणि हे मी तुम्हाला तेव्हाच तोंडावर सांगायला हवं होतं.

मी गेले. आठ महिने राहिले. मग एका सकाळी सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी धरली. कराड मागं पडलं, उंब्रज आलं, गाडी थांबली. खिडकीतून तुमच्या शेडाचा पत्रा दिसत होता, रंधा चालल्याचा आवाजही आला असं मला वाटलं. दोन बायका उतरल्या, एक म्हातारा चढला, कंडक्टरनं घंटी मारली. मी उतरले नाही. माझ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात चांगलं काम ते, आणि ते मी नुसतं बसून केलं.

तर मिस्त्री. चार दिवस माझ्या मागं लागले होते. "पोरी, आबांच्या शेडातनं अर्धी गाडी? लय वंगाळ दिसतंय गं ते. दोन म्हैनं दे मला, मजुरी बी नगं. पुरी करतो, मग खुशाल इक." मी नाही म्हटलं. मग म्हणाले, आतलं सगळं उपसून मोकळी तरी करू, मोकळी गाडी म्हणजे अर्धी नव्हे. तेही मी नाही म्हटलं. माझा दिवाण का उपसायचा? शेवटी ते तुमच्यावर आले, आबा असते तर दारात बसले असते म्हणाले. तेव्हा मी विचारलं, "आबा गेले त्या दिवशी या शेडात काय उभं होतं, मिस्त्री?"

त्यांनी बराच वेळ हात पुसले. "ट्रकची बॉडी."

"किती झाली होती?"

"निम्मी." मग जरा घाईनं म्हणाले, "पर ती म्या पुरी केली."

"मग हीसुद्धा कुणीतरी पुरी करेल."

दुसऱ्या दिवशी मी गेले तर बसच्या तोंडाशी रचलेली सागवानी लाकडं त्यांनी बाजूला करून वाट मोकळी केली होती.

घेणारे वडूजचे, नवरा-बायको. तो मिलिट्रीतून रिटायर झालेला, जिथं जिथं नेमणूक होती ती गावं बायकोला दाखवायचीत म्हणाला. त्यानं टायर ठोकून बघितले, गाडीखाली शिरला, शेवटी शर्ट झाडत विचारलं, "मॅडम, काम आधा का सोडलंत? काही लफडा?" मी म्हटलं, मला एवढंच पाहिजे होतं. त्याला ते पटलं नाही, पण गाडी पटली. बायको सरळ ओट्याशी जाऊन उभी राहिली आणि चुलीचं तोंड कुठं हाय म्हणून विचारलं. शेडात तरी पूर्वेला आहे, मी म्हटलं. तिनं विचार केला आणि म्हणाली, मग थांबंल तितं गाडी तशीच लावायला लावीन ह्यास्नी. मिस्त्रींनी माझ्याकडं असं बघितलं की विचारू नका. जाता जाता ती माझ्याजवळ आली. अर्धं का सोडलं हे तिनं विचारलं नाही. माझा हात धरून नुसतं "बरं केलंसा" म्हणाली. कशाबद्दल ते मीही विचारलं नाही.

शेगडी पेटते का ते तिला बघायचं होतं, म्हणून निघण्याआधी मी त्या ओट्यावर चौघांचा चहा केला. ते दोघं पुढच्या बाकावर बसून फुंकर मारत पीत होते, ओळखदेख नसलेली माणसं, आणि मला तुम्ही आला होता ती सकाळ आठवली. तेव्हा मी साताऱ्यात खोली घेतली त्याला वर्ष होत आलं होतं. सकाळी कडी वाजली आणि दारात तुम्ही. धुतलेलं धोतर, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली पुस्तकांची फळी, स्वतः केलेली. मी आत या म्हटलं नाही. तुम्ही फळी भिंतीला टेकवलीत, धोतराच्या सोग्यानं तिची कड पुसलीत आणि म्हणालात, "घोटभर च्या ठिवतीस का?" उभ्या जन्मात तुम्ही माझ्याकडं मागितलेली ती एकच गोष्ट. मी म्हटलं, शाळेला उशीर होतोय. "बरं, जा तू," म्हणत कठडा धरून तुम्ही जिना उतरलात. वर्षाच्या आत तुम्ही गेलात.

बस अर्धी विकली त्याची मला लाज नाही. संसार अर्धा टाकला त्याची तर मुळीच नाही, आणि तुम्ही समोर असतात तरी मी हेच म्हटलं असतं. हे कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचे नाहीत, म्हणून एवढं लिहून टाकते. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, आबा.