हादऱ्यांच्या गावातून

कोकिंबो, चिली
मंगळवार, ३ सप्टेंबर २०१९

प्रिय इव्हरोजताई,

तुला आणि पोरांना खूप खूप माया. मी बरी आहे. आपल्या गावचा फ्रित्झनेल रविवारी घरी, लेओगानला यायला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतेय. फोनवर बोलतोच की आपण, मग पत्र कशाला, असं म्हणशील. शेवटपर्यंत वाच, म्हणजे कळेल.

काम तेच. एल्सिराबाई आता ब्याऐंशीच्या झाल्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालतात. त्यांची आंघोळ, औषधं, स्वयंपाक सगळं माझ्याकडे. त्यांची मुलगी खिमेना दुसऱ्या गावी असते, शनिवारी येते. इथल्या रीती मला आता जमतात. घरात शिरलं की गालाला गाल लावायचा, नाहीतर माणूस शिष्ट ठरतो. बोलायचं हळू. मी तुझ्याशी फोनवर बोलत असले की बाई विचारतात, "भांडण कोणाशी चाललंय गं?" रात्री जेवण नाही, चहा आणि पावावर कुस्करलेला अवोकॅडो. आपल्या तिखट कोबीच्या लोणच्याने बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहतं, तरी रोज मागतात.

एका गोष्टीची मात्र सवय होत नाही. इथे जमीन हलते, ताई. महिन्यातून दोन-तीनदा तरी. लोक खुर्चीतून उठतसुद्धा नाहीत. वर टांगलेला दिवा किती झुलतोय ते बघतात आणि बोलणं पुढे चालू. पहिल्यांदा मी टेबलाखाली शिरले तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "अगं, एवढ्याने चहातली साखरसुद्धा विरघळत नाही!" कामावर ठेवताना खिमेनाने विचारलं होतं, "हादऱ्यांना घाबरत नाहीस ना?" मी नाही म्हटलं. तेव्हापासून बूट घालून झोपते. रस्त्यावरून ट्रक गेला तरी भिंतीला हात लावून बघते. दुकानात पाऊल टाकायच्या आधी बाहेर पडायचं दार शोधते. तुला समुद्राचे फोटो पाठवत राहिले, हे कधी सांगितलं नाही.

गेल्या गुरुवारी सकाळी मी बाईंना आंघोळ घालत होते. त्या स्टुलावर बसलेल्या, पाठीला साबण लावलेला. आधी गुरगुर ऐकू आली, मग आरसा भिंतीवर आपटायला लागला. या वेळी दिवा बघत बसण्यासारखं नव्हतं. बाईंनी माझं मनगट धरलं.

मी ते सोडवलं आणि पळाले.

अनवाणी, तीन मजले. रस्त्यावर पोहोचले तोवर सगळं थांबलं होतं. शेजारी दारांत उभे राहून गप्पा मारत होते. समोरचा सुतार म्हणाला, "मोठा होता, नाही? आणि आजी कुठायत?" त्यांची भाषाच आठवेना. मी नुसतं वर बोट दाखवलं. तो जिन्याकडे वळला, तेव्हा कुठे मी त्याच्या पुढे धावले. दुसऱ्या मजल्यावर परत हललं. मी कठड्याला घट्ट मिठी मारली, भीतीने कपडे ओले झाले ते मलाच कळलं नाही. थांबल्यावर वर गेले.

बाई स्टुलावरच होत्या, दोन्ही हातांनी नळ धरून. अंगावर गार पाणी पडत होतं, ओठ निळे. म्हणाल्या, "पाणी बंद कर."

संध्याकाळी खिमेनाचा फोन आला. मी कपाट उघडून माझे कपडे पिशवीत भरायला घेतले होते. बाई म्हणाल्या, "लुनीझ? इथेच होती. मला धरून बसली होती."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "खोटं का सांगितलंत?"

"खरं सांगितलं तर ती तुला काढून टाकील. मग उद्या आणखी कोणी नवी येऊन मला नागडं करणार. मला नाही सोसायचं ते." मग म्हणाल्या, "पुन्हा हललं तर जाशील?"

"माहीत नाही."

"मग आंघोळीला सुताराच्या बायकोला बोलवत जा. दोघी असा."

त्या दिवसापासून ती येते. दोनदा हललं. दोन्ही वेळा मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले, गेले नाही. पण पुढच्या वेळचं मी सांगू शकत नाही.

ताई, माझ्यासाठी कोणी खोटं बोललं आणि मला झोप येईना. कारण तसंच खोटं मी तुला साडेनऊ वर्षं सांगतेय.

आपल्याकडे जमीन हलली त्या दिवशी मी पाण्याला गेले नव्हते. घरातच होते. आई तापाने पडली होती, मी तिच्या केसांच्या वेण्या घालत होते. भिंत फुटली तेव्हा तिने माझा स्कर्ट धरला. मी तिची बोटं उलगडली आणि बाहेर पळाले. छप्पर त्यानंतर पडलं. मध्ये वेळ होता, ताई. किती, ते मला सांगता येत नाही, पण होता. तिने दोनदा माझं नाव घेतलं. मग तू पोर्ट-ओ-प्रिन्सहून चालत आलीस, धुळीने पांढरी झालेली, मला कवटाळून म्हणालीस, "देवानेच तुला पाण्याला धाडलं." मी नाही म्हटलं नाही. दर जानेवारीत तू तेच म्हणतेस आणि मी गप्प बसते.

तिला उचलता आलं असतं का, मला माहीत नाही. मी प्रयत्न केला नाही, एवढंच माहीत आहे.

आता मला इथल्या जमिनीपेक्षा तुझ्या उत्तराची जास्त भीती वाटते. शिव्या दे. पोरांना माझं नाव घेऊ देऊ नकोस, तेही मी ऐकून घेईन. पण गप्प बसू नकोस. एक ओळ लिहून फ्रित्झनेलच्या हाती दे, तो महिन्याने परत येतो.

आईला टाकून पळालेली,
तुझी धाकटी,
लुनीझ