दाक्षायणी वस्त्र भांडाराचं कॅलेंडर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर,
१९ जानेवारी १९७५

तीर्थरूप चन्नप्पा अण्णा यांस,

रेवणसिद्धचे शरणु शरणार्थी. अव्वांचा गुडघा आता कसा आहे? गंगम्मा वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आपल्या रानात हुरडा सुरू झाला असेल, खाताना आमची आठवण काढावी. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तब्येती खरोखरच खुशाल आहेत. बाकी माझं वाटोळं झालं आहे.

दुकानाचं नवं कॅलेंडर आपल्याला पोचलं असेलच. (वहिनींनी ते स्वयंपाकघरात लावलंय, असं आपल्या गावच्या एका गिऱ्हाइकानं सांगितलं. जमल्यास उतरवावं. जमणार नाही हे मलाही ठाऊक आहे.) त्याची हकीकत आपल्या कानावर भलतीच जाण्याआधी मीच सांगतो. दरवर्षी आम्ही देवाचं कॅलेंडर काढायचो. पण लोक देव दिसला की हळद-कुंकू वाहतात आणि संक्रांतीपर्यंत दुकानाचं नाव कुंकवाखाली गडप होतं. म्हणून यंदा मी ठरवलं की आपल्या दुकानातलं इरकली लुगडं नेसलेली बाईच दाखवायची. आता बाहेरची बाई बसवली तर समाजात तोंड दाखवायला जागा राहत नाही. दुकानाचं नाव दाक्षायणी वस्त्र भांडार, घरात आपली बहीण दाक्षायणी हजर. मी तिला विचारलं. ती म्हणाली, ‘मला कशाला?’ आपल्यात बायका होकार असाच देतात, असं मी समजलो.

नव्या पेठेत शिवयोगी म्हणून एक फोटोवाला आहे. दिसायला साधा, कपाळाला भस्म, बोलणं जेमतेम. त्याच्याविषयी मला आधीच कुणी सावध करायला हवं होतं. तो ‘हसा’ म्हणत नाही, ‘मान वर’ म्हणत नाही. माणसाला स्टुलावर बसवतो आणि काळ्या फडक्यात डोकं घालून नुसता थांबतो. मी पदर नीट लावून दिला, काठ पुढं आलाय ना ते पाहिलं आणि शेजारच्या शिंप्याशी बोलायला बाहेर गेलो. फोटो तयार झाल्यावरही मी नीट बघितला, अण्णा, हे शपथेवर सांगतो. काठ स्वच्छ आला होता. पदरावरचं काम दाणा न दाणा उठून दिसत होतं. मी खूश होऊन फोटो तसाच छापखान्यात दिला. वर तोंड आहे आणि त्या तोंडावर काही आहे, हे मला गठ्ठे वाटून संपल्यावर कळलं, तेही दुसऱ्यांकडून.

काय आहे ते सांगता येत नाही. ती रागावलेली नाही, रडवेली नाही, आजारीही नाही. तिला कुणीतरी काहीतरी मागितलंय आणि ते आपण कुठं ठेवलं होतं हे तिला आठवेना झालंय, अशी ती समोर बघते. समोर म्हणजे जो कुणी भिंतीपुढं असेल त्याच्याकडं. उजवीकडं सरका, तिकडं बघते. डावीकडं सरका, तिकडं. मी गल्ल्यामागं खाली वाकून पाहिलं. तिथंही बघते.

पहिल्यांदा आले आडतीवाले वीरभद्रप्पा. कॅलेंडरची गुंडाळी गादीवर ठेवली आणि म्हणाले, ‘रेवणसिद्धा, हे परत घे. तुझी बायको मला जेवू देत न्हाई.’ दुकानात चार गिऱ्हाइकं होती, अण्णा! मग त्यांनी खुलासा केला. त्या नजरेपुढं घास उतरेना म्हणून त्यांनी परवा घरच्या बाईंना विचारलं, ‘तू जेवलीस का?’ लग्न झाल्यापासून असं त्यांनी कधी विचारलं नव्हतं. बाई घाबरल्या. हातातली भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, ‘खरं सांगा, डॉक्टरनी तुम्हाला काय सांगितलंय?’ रात्रभर दोघंही झोपली नाहीत. त्यांच्यामागून बरेच जण आले. माढ्याचं एक जुनं गिऱ्हाईक तर मोटारीचं भाडं खर्चून कॅलेंडर परत द्यायला आलं आणि मागच्या वर्षीची लक्ष्मी शिल्लक आहे का म्हणून विचारू लागलं.

पुरुष परत आणून देतात आणि बायका मागून नेतात, असा हा धंदा चाललाय. वळसंगचा धुळाप्पा, मेंढरंवाला, आपण त्याला ओळखता. त्यानं कॅलेंडर उलटं टांगलं, त्याच्या केराबाईनं सुलटं केलं. त्यानं पुन्हा उलटं केलं. शेवटी सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला आली तेव्हा केराबाई तीन बायका बरोबर घेऊन थेट दुकानात शिरली. मला वाटलं, लुगडी घेणार. मी गठ्ठे सोडले, घड्या मोडल्या, खांद्यावर पदर टाकून स्वतः नेसल्यासारखा उभा राहिलो. केराबाई म्हणाली, ‘लुगडं ऱ्हाऊ द्या की. ती बाई कुटं हाय?’ दाक्षायणीला वरून बोलावलं. त्या पाचजणी गादीवर बसल्या त्या दिवेलागणीपर्यंत. गिऱ्हाइकांना टेकायला जागा नाही. मी चहा घेऊन जवळ गेलो की सगळ्या गप्प. परत फिरलो की पुन्हा कुजबुज, आणि एकदा तर सगळ्या खदखदून हसल्या. दाक्षायणीसुद्धा. ती अशी हसते हे मला माहीत नव्हतं. (दाराशी ऐकू आलं तेवढं सांगतो. केराबाई म्हणत होती, ‘ह्यास्नी न्हाई कळायचं.’ ह्यास्नी म्हणजे कुणाला, ते कळलं नाही.)

मग मात्र मी तडक शिवयोगीकडं गेलो. म्हटलं, माझ्या बायकोचं हे काय करून ठेवलंस? तो शांतपणे काच पुसत होता. म्हणाला, ‘मी काय केलं? बाई घट्ट बसल्या होत्या, सैल व्हाव्यात म्हणून एक विचारलं. बाई, तुमाला काय आवडतं? त्या विचार करायला लागल्या. लई येळ केला. मी थांबलो, थांबलो, आणि घेतला फोटो.’ मी विचारलं, मग ती काय म्हणाली? ‘काय न्हाई. म्हणाल्या, आठवून सांगते.’

अण्णा, भांडायला गेलेला माणूस मी, तिथल्या स्टुलावर बसलो. शिवयोगीनं कॅमेऱ्याकडं हात नेला तसा उठून पळत घरी आलो.

घरी येऊन मी तिला सरळ विचारलं, ‘दाक्षायणी, तुला काय आवडतं?’ ती चपातीचं पीठ मळत होती. म्हणाली, ‘आता कशाला? कॅलेंडर छापून झालं की.’ तेव्हापासून मी रोज काहीतरी घेऊन जातो. गजरा नेला, तिनं देवीला घातला. शेंगाची चटणी नेली, तिनं मुलांना वाढली. परवा सिनेमाला चल म्हटलं, तर ‘तुम्हाला कोणता बघायचाय?’ म्हणून तिनंच मला विचारलं. काहीही नेलं तरी ‘बरंय’ म्हणते. अण्णा, हे ‘बरंय’ मी आयुष्यभर ऐकत आलो आणि निर्धास्त झोपत आलो. आता तो शब्द ऐकला की रात्री उठून बसतो. दुकानातही ती समोर, घरातही ती समोर. बघायला मला एकही भिंत उरलेली नाही.

तरी अव्वांना गुडघा सोसत असेल तर चार दिवस इकडं पाठवावं. आई जवळ असली की दाक्षायणीला बरं वाटेल आणि मलाही जरा धीर येईल. थोरामोठ्यांच्या पायी शरणु म्हणून थांबतो.

आपला,
रेवणसिद्ध

ता. क. अव्वांना त्रास देऊ नये. खरं विचारायचं ते वर लिहवलं नाही. आपण तिचे थोरले भाऊ, लहानपणापासून तिला बघितलंय. तिला काय आवडतं? खायचं, ल्यायचं, ऐकायचं, काहीही चालेल. एक जरी आठवलं तरी उलट टपाली कळवावं. अक्षर मोठं काढावं, वाचण्यात चूक नको, आणि पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवावं, म्हणजे तिच्या हाती पडणार नाही.

ता. क. दुसरा. अण्णा, मी दाक्षायणी. पाकीट चिकटवायला माझ्याकडंच दिलं होतं. यांना काही कळवू नकोस. कळवायला तुला तरी कुठं काय माहीत आहे? त्यापेक्षा वहिनीला विचार, तिला काय आवडतं, आणि ती काय म्हणते ते मला लिही. इकडं यांना अजून थोडे दिवस शोधू दे. काल संध्याकाळी काखेत कलिंगड घेऊन आले, थंडीचं! कुठून मिळवलं देव जाणे. दारात उभं राहून माझ्या तोंडाकडं बघत होते. लग्नापासून इतका वेळ कधी बघितलं नव्हतं. कलिंगड फिक्कं निघालं. ते मी सांगितलं नाही.