हळदीचा रिकामा खाना

१२ एप्रिल, रविवार
ऋतुजा आली. लेकाची थोरली, कोल्हापुरात शिकती. सातारा आन् सांगली, कुठला माल कुठं जातो, त्यापासनं पुढं काय बनतं, त्याचा तक्ता केलाय. पार चटईएवढा! आडव्या रांगेत देणारा, उभ्या रांगेत घेणारा. मला लगेच कळलं. म्हटलं, "मी तासगावची, दिली कराडकडं. मला कुठं लिवलंस?" "आज्जे, तुला मालात धरत न्हाईत." दोघी लय हसलो.

१३ एप्रिल
पोरीचं तोंड उतरलंय. शुक्रवारी सरांना तक्ता दाखवायचाय, आन् हळदीचा मेळ बसंना. आमच्याकडं पिकली जास्त, सांगलीच्या पेठेत पोचली कमी. मेळ न्हाई बसला तर सर म्हणणार पहिल्यापासनं कर. वर्ष गेलं की पाण्यात. थालीपीठ केलं, अर्धंच खाल्लं. लोणी संपलं, उद्या घुसळायचं.

१४ एप्रिल
लोणी राहिलंच. दुपारी तिच्याजवळ बसले. हळदीची आडवी रांग आन् हळदीचीच उभी, जिथं गाठ पडती तो खाना रिकामा. "हितं काय येतं गं?"
"हळद पिकवायला लागती ती हळद. पण मागं घरोघरी विचारलं तवा म्हणाले, सगळी सांगलीला गेली."
पहिलं घर आमचंच, सांगणारी मीच! बियाणाचं बाहेर बोलू नये, नजर लागती, कोंब कुजतो. सासूबाईंची शिकवण. म्हणून तोंडातनं आपसूक 'सगळी गेली' असंच निघालेलं.
हाताला धरून गोठ्यामागं नेली. आंब्याच्या सावलीत पाल्याखाली बियाणाचं गड्डं झाकलेलं. पाला सारला.
"आज्जे! मला पण खोटं?"
"खोटं कसलं, रीत हाय."
घटकाभर रुसली. मग गळ्यातच पडली.

१५ एप्रिल
एका घरावर खाना भरत न्हाई म्हणती. निदान आळीतली घरं तरी, आन् उद्याचाच दिवस हातात. तिला एकटीला कोण सांगणार? म्हटलं, मी येते.

१६ एप्रिल
पहिली शेजारची हिराबाई. दारात ज्वारी पाखडत होती. विचारलं, बियाणं किती ठिवलंस?
"कशाचं बियाणं, आक्का? सगळी सांगलीला गेली की."
ऋतुजा माझ्याकडं बघाय लागली. मी म्हटलं, "आमचं चार पोती हाय. गोठ्यामागं." बियाणाचं जन्मात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. बरं वाटलं.
हिराबाईचं सूप थांबलं. "आवं, हळू बोला की!" मागं परड्याकडं बघितलं, ऋतुजाच्या वहीकडं बघितलं. मग म्हणाली, "बसा आत. च्या टाकते आधी."
बसलो.