मिसेस ट्वेट यांची तशी काही तक्रार नाही

३ फेब्रुवारी, सोमवार.
आजपासून वॉर्डाला रामराम. चोवीस वर्षं म्हातारी माणसं उचलली, कुशीवर वळवली, त्यात कंबर कामातून गेली. आता खुर्ची. दारावर पाटी येणार : लोवेल बक्केन, मूल्यांकन समन्वयक. काम तसं सोपं. आमच्या शुश्रूषागृहात येणाऱ्या प्रत्येकाचा एक लांबलचक फॉर्म भरायचा. काय जमतं, काय जमत नाही, कुठे दुखतं. तो फॉर्म सरकारकडे जातो, विमा कंपनी त्यातली माहिती मागवते, आणि माणसाला इथे किती दिवस ठेवायचं ते त्यावर ठरतं.

मावळत्या समन्वयक कॉर्लिस मला सहा आठवडे शिकवून निवृत्त होणार. मी म्हटलं, सहा कशाला, दोन पुरेत. त्या काही बोलल्या नाहीत. छाप पडली असावी.

बाहेर शून्याखाली वीस. गाडी सुरू होईना. शेजारच्याने विचारलं, सोडू का? म्हटलं, नको, चालायचंच होतं. चालत आलो. डाव्या कानाला अजून स्पर्श कळत नाही.

संकल्प : एक, नियमावलीची रोज पन्नास पानं. दोन, दिवसाला दोनच कप कॉफी. तीन, वॉर्डात पाऊल टाकायचं नाही. समन्वयकाने टेबलावरून बघायचं असतं.

४ फेब्रुवारी
नियमावली हजारावर पानांची आहे. नऊ झाली. पैकी सात अनुक्रमणिकेची. पण पाया पक्का.
कॉफी : पाच.

७ फेब्रुवारी
कॉर्लिसनी सराव परीक्षा घेतली. शंभरपैकी एक्केचाळीस. प्रश्न संदिग्ध होते. अनुभवी माणसाला अशा परीक्षेत कमीच मिळतात, कारण तो विचार करतो.

१० फेब्रुवारी, सोमवार
आर्लिस ट्वेट आल्या. वय सत्त्याऐंशी. टपालपेटीपाशी बर्फावर घसरल्या, खुबा मोडला, ऑपरेशन होऊन इस्पितळातून थेट इकडे. तिसरीत मला पाढे यांनीच शिकवले. अजूनही त्यांनी बघितलं की मी हात खिशातून काढतो.

शेतावरच्या घरात एकट्या असतात. नवरा जाऊन बारा वर्षं झाली, मुलगा अलास्काला. झोपायची खोली आणि न्हाणीघर वरच्या मजल्यावर, चौदा पायऱ्या. डॉक्टर म्हणतात, दोन महिने रोज व्यायाम केला तर जिना जमेल. त्या म्हणाल्या, "जिना चढता आला की जाईन. त्याआधी गेले तर तिथेच पायथ्याशी सापडेन." हे हसत म्हणाल्या.

त्यांचा फॉर्म माझा पहिला स्वतंत्र फॉर्म. कॉर्लिस बहिणीकडे डुलुथला गेल्या, दोन आठवडे. जाताना म्हणाल्या, अडलं तर फोन कर. म्हटलं, अडणार नाही.

१३ फेब्रुवारी
मुलाखत घेतली. मिसेस ट्वेट खुर्चीत ताठ बसलेल्या, केस विंचरलेले, गळ्याशी ब्रोच. मला बसायला सांगितलं, कॉफी घेतोस का विचारलं. मी नको म्हटलं. परत विचारलं, नको म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा घेतली. रीतच आहे.

विचारलं, गेल्या पाच दिवसांत कुठे दुखलं का?
"छे. तसं काही वाईट नाही."
झोप?
"मिळते तेवढी पुरते."
कपडे घालायला, संडासला जायला मदत लागते?
"माझं मी बघते. या पोरींना काय कमी कामं आहेत?"

सगळं जसंच्या तसं टाकलं. दुखणं : नाही. मदत : लागत नाही. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की दुखण्याबद्दल माणूस स्वतः सांगेल ते धरायचं. मदतीच्या पानावर काय लिहिलंय ते अजून वाचायचंय, पण नियम तोच असणार. बावीस मिनिटांत फॉर्म पुरा. कॉर्लिसना दीड तास लागतो. वयाचा फरक.

१४ फेब्रुवारी
फादुमो दारात येऊन उभी राहिली. ही वॉर्डातली मदतनीस. सोमालियातून येऊन अकरा वर्षं झाली, पण मनात येईल ते तोंडावर बोलायची सवय अजून गेलेली नाही. म्हणाली, मिसेस ट्वेटना उठवायला दोघी लागतात. सकाळी मोजे चढवताना त्या टॉवेल दातात धरतात. मी रोज कॉम्प्युटरवर लिहिते, तुम्ही बघितलंत ना?

बघितलं होतं. तिची नोंद आणि मिसेस ट्वेट यांचं म्हणणं जुळत नव्हतं, म्हणून नोंदीत चूक असावी असं मी ठरवलं होतं. ज्याचं दुखणं त्यालाच कळणार. तिला हे शांतपणे समजावून सांगितलं.

ती म्हणाली, "लोवेल, तुमच्याकडची माणसं घर जळत असताना खिडकीतून विचारतात, आत येऊन कॉफी घेणार का? त्यांना विचारू नका. त्यांना उठताना बघा."

मला राग आला नाही. फक्त दार लावून घेतलं.

१८ फेब्रुवारी
फॉर्म पाठवला. विमा कंपनीने माहिती मागितली होती, तीही दिली. कार्यक्षमता म्हणतात ती ही.

हापिसात कोणी तरी लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. शेवटची एक उरली. ती कोणी घेईना. दुपारी बघितली तर अर्धी. तीन वाजता पाव. निघताना ताटलीत एक चतकोराचा चतकोर होता, त्यालाही कोणी तरी सुरीने मधोमध कापलेलं. मी त्यातला अर्धा घेतला.
नियमावली : पान ३१.

२४ फेब्रुवारी, सोमवार
विमा कंपनीचं पत्र. आर्लिस ट्वेट यांना वेदना नाहीत, त्या स्वतःची कामं स्वतः करतात, सबब सव्वीस तारखेनंतर इथला खर्च मिळणार नाही. त्यांनी घरी जावं.

दोनदा वाचलं. वाक्यं ओळखीची वाटली. माझीच होती.

मिसेस ट्वेटना पत्र मीच नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचलं, चार घड्या घातल्या. म्हणाल्या, बरं झालं, माझ्यामुळे उगाच एक पलंग अडला होता. खर्च स्वतः करून राहा असं सुचवून बघितलं. त्यांनी विषय बदलून माझ्या आईची चौकशी केली.
ही तांत्रिक बाब आहे. उद्या सुटेल.

२५ फेब्रुवारी. सकाळी साडेसहा.
वॉर्डात गेलो. संकल्प क्रमांक तीन मोडला. पडद्याआड उभा राहून बघितलं.

फादुमो एका बाजूला, दुसरी मुलगी दुसऱ्या बाजूला. पाय पलंगावरून खाली यायलाच मिनिटभर लागलं. टॉवेल दातात. चेहरा उशीच्या अभ्र्यासारखा पांढरा झाला. उभ्या राहिल्या, मुलींच्या हातात दोन पावलं टाकली, बसल्या. मग टॉवेल काढून घडी घातली आणि दोघींना म्हणाल्या, तुम्हाला फार त्रास देते मी.

तेवढ्यात मी दिसलो. लगेच हसल्या. विचारलं, तुझी कंबर कशी आहे? मी म्हटलं, तशी ठीक.

चोवीस वर्षं मी हेच बघत होतो. बावीस मिनिटं खुर्चीत बसलो आणि विसरलो. मला फार लाज वाटली.

दुपारी.
कॉर्लिस परतल्या. फॉर्म वाचला. ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाल्या, मदतीच्या पानावर माणूस काय म्हणतो ते नाही लिहायचं, रोज प्रत्यक्षात काय घडतं ते लिहायचं. ते मदतनिसांना विचारायचं. पहिल्याच आठवड्याचा धडा आहे.

मग म्हणाल्या, "लोवेल, आपल्या गावात कोणाला काय होतंय ते कधी त्याच्या तोंडून कळलंय का? तुझे वडील हार्ट अटॅक आला तरी आधी गोठा झाडून मग दवाखान्यात गेले."

फादुमोच्या नोंदी लावून दुरुस्त फॉर्म पाठवला. अपील केलं. उद्या दोन वाजता तपासणारा डॉक्टर मिसेस ट्वेटना स्वतः फोन करणार आहे. म्हणजे मामला आपल्या हातात आहे. एक शब्द बोलायचा, बस्स.

२६ फेब्रुवारी
सकाळभर तालीम. मी डॉक्टर झालो, त्या स्वतः. मी विचारायचं, दुखतं का? त्यांनी म्हणायचं, हो, फार दुखतं.

पहिल्यांदा म्हणाल्या, थोडं कुरकुरतं. दुसऱ्यांदा, ऑपरेशन झालंय म्हटल्यावर चालायचंच. सातव्यांदा एकदाचं "फार दुखतं" निघालं, तेही खिडकीकडे बघून, कानशिलं लाल. चर्चमध्ये शिवी दिल्यासारखा चेहरा केला होता. परत म्हणायला लावलं. म्हणाल्या. मी टाळी वाजवली. तयारी चोख. अशा वेळी शिकवण्याची हातोटी लागते, ती माझ्यात आहे.

दोन वाजून पाच मिनिटांनी फोन आला. फोन स्पीकरवर, मी आणि फादुमो समोर. आवाज चांगला होता डॉक्टरचा, तरुण, घाईत नव्हता. त्याने विचारलं, मिसेस ट्वेट, कसं वाटतंय, दुखतं का?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. फादुमोने त्यांचा हात धरला.

"तसं काही वाईट नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सकाळपासून असे किती फोन करावे लागत असतील. जेवलात का?"

त्याने आणखी तीनदा विचारलं, वेगवेगळ्या तऱ्हेने. खरंच प्रयत्न केला त्याने. तिन्ही वेळा त्यांनी त्याला धीर दिला. मग फोन जागेवर ठेवला.

"जमलं नाही रे," म्हणाल्या. "परक्या माणसाला कसं सांगायचं?"
फादुमो बाहेर निघून गेली. मी कॉफी आणली.

२७ फेब्रुवारी
अपील फेटाळलं. कारण : रुग्णाचं स्वतःचं निवेदन.
आणखी वर दाद मागता येते. कॉर्लिसनी कागद काढले. मिसेस ट्वेट सही करेनात. म्हणाल्या, एकदा विचारलं, नाही म्हणाले, आता परत मागे लागणं बरं दिसत नाही. मी कागद तीनदा पुढे केला. वाटलं, तिसऱ्यांदा घेतील.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
गेल्या. पुतण्या ट्रक घेऊन आला. स्वयंपाकघरात पलंग टाकलाय म्हणे, आणि शेजारच्यांनी आठवडाभराचं हॉटडिश, म्हणजे ओव्हनमध्ये भाजलेलं बटाटा-मांसाचं जेवण, आणून फ्रीज भरलाय. खाली न्हाणीघर नाही, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. फादुमोने ट्रकपर्यंत खुर्ची नेली, त्यांना उचलून आत बसवलं, पट्टा लावला आणि पुतण्याला मोजे कसे चढवायचे ते दोनदा करून दाखवलं. पुतण्या मान हलवत होता, बघत नव्हता.

मिसेस ट्वेट काच खाली करून मला म्हणाल्या, नव्या कामात लवकर रुळशील. मी हात खिशातून काढले.

नियमावली : उघडली नाही.

३ मार्च, सोमवार
इथून घरी गेलेल्या माणसाचाही फॉर्म भरावा लागतो. या वेळी सगळं नीट केलं. नियमावली शेजारी उघडी, प्रत्येक उत्तरापाशी पान बघितलं, फादुमोला तीनदा विचारलं. ती तुटक बोलली, पण बोलली. पावणेदोन तास लागले. दुखणं : सतत. मदत : दोन माणसांची. रुग्णाची इच्छा कुठे जायची होती : घरी. कुठे गेली : घरी.

बारा पायऱ्या चढता येतात का, असा एक प्रश्न आहे. 'धोक्यामुळे प्रयत्न केला नाही' हा पर्याय निवडला. मग घरी सोडलं कसं, असं पुढे कुठे तरी विचारतील म्हणून शेवटच्या पानापर्यंत बघत गेलो. विचारलं नाही.

कॉम्प्युटरने तपासलं. चुका : शून्य. हिरवी खूण. कॉर्लिस मागे उभ्या होत्या, म्हणाल्या, हा तुझा पहिला बिनचूक फॉर्म. मी मान हलवली. त्या जाईपर्यंत थांबलो, मग 'पाठवा' दाबलं.