विभूतीच्या बोटांचं कॅलेंडर

प्रति,
मा. परिवहन अधिकारी साहेब,
वाहन परवाना शाखा, नांदेड.

विषय : माझा वाहन परवाना कायम ठेवणे व तक्रारदाराची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, त्याच कसोटीने तपासणी करणेबाबत.

संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २२ ऑगस्ट २०२५.

महोदय,

मी सौ. मंजुश्री संगमेश खानापुरे, वय ३८, राहणार अर्धापूर, चार वर्षांपासून अर्धापूर ते नांदेड केळीचा टेम्पो चालवते. टेम्पो माझ्या नावावर आहे. "बायको वेडी आहे, गोळ्या खात नाही, लोकांच्या जिवाला धोका आहे," अशी तक्रार संगमेश यांनी आपल्याकडे केली. त्यावर माझे म्हणणे असे :

१. आजार खरा आहे. स्किझोफ्रेनिया. अकरा वर्षांपूर्वी मला भिंतीतून माणसे बोललेली ऐकू यायची. उपचार चालू आहेत. चार वर्षांत एकही लक्षण नाही व गाडी चालवण्यास हरकत नाही, असा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मी काही लपवलेले नाही.

२. गोळ्यांबाबत. माझ्या सासूबाई गौरम्मा यांना लिहिता-वाचता येत नाही. रोज सकाळी इष्टलिंगाची पूजा झाली की त्या माझ्या हातावर गोळी ठेवतात, मी गिळेपर्यंत समोरून हलत नाहीत, आणि मग विभूतीचे बोट कॅलेंडरवर त्या तारखेला दाबतात. चार वर्षांची कॅलेंडरे जोडली आहेत. कृपया झटकू नयेत.

३. यंदाच्या कॅलेंडरात आजवरच्या तीनच तारखा कोऱ्या आहेत : १२, १३ व १४ फेब्रुवारी. मला ताप होता, गोळी पोटात टिकत नव्हती. मी स्वतः होऊन टेम्पोची चावी सासूबाईंच्या हाती दिली व अंथरुणावर पडले. चावी तक्रारदाराने मागून घेतली आणि १३ तारखेला मोबाइलवर बोलत बोलत टेम्पो केळीसकट कालव्यात घातला. साहेब, मला आवाज ऐकू यायचे तेव्हा मी स्टिअरिंगला हात लावला नाही. याला आवाज ऐकू येत होते आणि पाय ॲक्सिलेटरवर होता.

४. कालव्यावर माणसे जमली, तर याने सांगितले, येडीनं पाडली. गावानेही लगेच मानले. पोरे अजून मला बघून कालव्याकडे बोट दाखवतात. मी सहा महिने दात-ओठ खाऊन गप्प बसले. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी त्याने पुन्हा चावी मागितली, मी दिली नाही. आठव्या दिवशी त्याची तक्रार आपल्या टेबलावर होती.

५. सबब विनंती की, मला जिथे तपासणीला पाठवाल तिथे त्यालाही पाठवावे आणि तेच प्रश्न विचारावे. नसलेले आवाज ऐकू येतात का? रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आपला वैरी वाटतो का? दुसऱ्या प्रश्नाला तो नापास होईल, याची मी हमी देते. त्यानंतर दोन टेम्पोंत सारखी केळी भरून दोघांना अर्धापूरहून नांदेडला सोडावे. चेपलेल्या फण्या मोजायला व्यापारी गुरुबसप्पा तयार आहेत. माझ्या गाडीतला माल चेपत नाही, असे त्यांनी लिहून दिले आहे.

६. हा अर्ज सूडबुद्धीने केला आहे, असे तक्रारदार म्हणेल. होय, सूडबुद्धीनेच केला आहे. सूडबुद्धी हे माझ्या आजाराचे लक्षण नाही, डॉक्टरांना विचारून घेतले आहे.

७. मी नापास झाले तर परवाना आपल्या टेबलावर ठेवून एसटीने घरी जाईन, एक शब्द बोलणार नाही. तो नापास झाला तर आदेश पोस्टाने पाठवू नये. माझ्या हाती द्यावा. मी टेम्पो घेऊन जाईन, कालव्यावर माणसे जमवीन आणि त्याच जागी उभी राहून मोठ्याने वाचून दाखवीन.

८. साक्षीला सासूबाई येणार आहेत. तपासणीच्या दिवशी लेकाच्या गाडीत बसून या म्हटले, तर म्हणाल्या, "तुज्याच गाडीत येते. त्याच्या गाडीत बसाया मला काय येड लागलंय?"

न्यायाची वाट पाहणारी, आपली नम्र,
मंजुश्री संगमेश खानापुरे
अर्धापूर, दि. १ सप्टेंबर २०२५

सोबत :
१. डॉक्टरांचा दाखला
२. कॅलेंडरे, नग चार
३. गुरुबसप्पा यांचे पत्र
४. तक्रारदाराच्या आईच्या बोटाचा ठसा, या अर्जाच्या पाठीमागे. मी शाईचे पॅड आणायला उठले होते. तेवढ्यात त्यांनी विभूतीत बोट बुडवून उठवला.