निवांत घड्याळं

शिरूर, ८ फेब्रुवारी २००४

ती. आबांस,
सप्रेम जय भीम वि. वि.

घाबरण्यासारखं नाही, पण एक नोटीस आलीय. परदेशातली एक मोठी घड्याळ कंपनी सोन्याचं नवं घड्याळ काढतेय आणि त्याचं नाव ठेवलंय 'निवांत'. त्यांचे मुंबईचे वकील म्हणतात, हे नाव आता आमचं. दुकानाची पाटी उतरवा, तुम्ही बनवता त्या भिंतीवरच्या घड्याळांवर 'निवांत' लिहू नका. चहावाला भैरू म्हणाला, मग मी गिऱ्हाइकाला निवांत बसा म्हणायचं का न्हाई?

पुण्याच्या वकील हर्षदा मॅडमना भेटले. त्या म्हणाल्या, बोलण्यातला शब्द सगळ्यांचाच, पण घड्याळावर तो ज्यानं आधी वापरला त्याचा हक्क मोठा. पुरावा हवा. दुकान उघडलं त्या दिवशी तुम्ही हट्टानं पैसे देऊन मी बनवलेलं, 'निवांत' लिहिलेलं पहिलं घड्याळ घेतलंत. त्याच्या मागं तारखेची पावती चिकटवलेली आहे. ते थोडे दिवस द्याल का?

आई गेल्यापासून त्याच्या टिकटिकीशिवाय तुम्हाला झोप येत नाही, हे ठाऊक असूनही मागतेय.

तुमची,
दीक्षा

दौंड, १५ फेब्रुवारी

चि. दीक्षास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. रेल्वेत सगळी नोकरी दुसऱ्याच्या घड्याळावर गेली. आता दुपारी खाटंवर पडतो, नदीकडनं वारं येतं, घड्याळ हळूहळू चालत ऱ्हातं. मग आत कुणीतरी भांडी लावतंय असं वाटतं. मी डोळं उघडत न्हाई. उघडलं की घर रिकामं.

तवा तू नावच बदल. एवढ्या मोठ्या कंपनीशी कुठं भांडतीस? दुसरा शब्द मिळंल.

जेवण वेळेवर करत जा.

तुझा,
आबा

शिरूर, २१ फेब्रुवारी

ती. आबांस,
सप्रेम जय भीम वि. वि.

तुमच्या मनाविरुद्ध काही करणार नाही. महिनाअखेर पाटी रंगवून घेते. घड्याळ राहू द्या.

फक्त एक सांगते, मनात ठेवू नका. पोलिओच्या पायामुळं लहानपणापासून गावात मला लंगडी म्हणायचे. आयटीआयला गेले, दुकान टाकलं, तरी पहिली दोन वर्षं लोक लंगडीचं दुकानच म्हणत. आता बाजारात गेले की बाया म्हणतात, निवांतवाली आली. म्हणून हा शब्द सोडताना जरा जड जातंय.

गोळ्या संपल्या असतील तर कळवा.

तुमच्या मायेतली,
दीक्षा

दौंड, ३० मार्च

चि. दीक्षास,
जय भीम व अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आन् दुसऱ्याच दिवशी घड्याळ उतरवलं. तुझ्या आईच्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं आन् पुण्याची गाडी धरली. गाडीत ते चालूच होतं. शेजारची बाई म्हणली, बाबा, लेकरू निजलंय का? मी व्हय म्हणलो.

तुला आधी सांगितलं असतं तर तू नको म्हणली असतीस. म्हणून घड्याळ हातात देताना हर्षदा मॅडमनाही गप ऱ्हायला सांगितलं. काल शेजारच्या फोनवर त्यांचा निरोप आला. कंपनीनं लिहून दिलंय, तुझ्या पाटीला आन् घड्याळांना हात लावणार न्हाईत. त्यांचं सोन्याचं बी त्याच नावानं निघंल, त्याला आपण काय करणार? आपलं घड्याळ अजून थोडे दिवस मॅडमकडंच ऱ्हाईल. पाटी रंगवली असशील तर परत लिहून घे, मोठ्या अक्षरात.

हिकडं घर लई गप झालंय. दुपारी नुसता पडून ऱ्हातो. म्हणून सोमवारच्या एस.टी.नं शिरूरला येतोय, मुक्कामालाच. तुझ्या दुकानात सगळीकडं टिकटिकच हाय. भिंतीकडंला एक बाकडं टाकून ठेव. मला डोळा लागला आन् गिऱ्हाईक आलं, तर हळू बोल.

येतोच, माया हायेच.

तुझा,
आबा