पंधरा अंशांचं कपाट

४ नोव्हेंबर, सकाळी ११
ठरलं. आता माघार नाही.

कारण लिहून ठेवतो. आज लोणावळ्याच्या एका बंगल्याचा वॉचमन दुकानात आला. मी काउंटरमागे, दोन्ही हात काउंटरवर, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडे सरळ बघत म्हणाला, दुकानात कुणी नाही का? मी म्हटलं, आहे ना! तर म्हणे, बाजीरावभाऊ? तेवढ्यात आतून बाजीरावभाऊंचा नुसता हात बाहेर आला. हातात त्याला हवा असलेला स्क्रू. त्याने मागितलाही नव्हता अजून.

पाटीवर 'हमीद हार्डवेअर, कामशेत' असं फूटभर अक्षरांत लिहिलंय. हमीद मी. बाजीरावभाऊ एकतीस वर्षं नोकरीला, अब्बांच्या वेळेपासून. त्र्याऐंशी जुने डबे आहेत, कशावर काही लिहिलेलं नाही. कशात काय आहे ते फक्त त्यांना ठाऊक. आता गुडघे गेले म्हणून ते तीस तारखेला काम सोडून वडिवळ्याला घरी बसणार. सगळं कामशेत मला विचारतंय, मग दुकानाचं कसं होणार? मी काय मेलोय?

संकल्प: लोखंडी कपाट. नवं design. कोणतीही बारीक वस्तू तीस सेकंदांत हातात. आणि एक दिवस गिऱ्हाईक दारातून हाक मारेल, हमीदशेठ आहेत का?

७ नोव्हेंबर
Design तयार. मूळ दोष असा की डब्यात बारीक वस्तू तळाला जाते. हात घाला, चाचपडा, खिळा टोचून घ्या. माझ्या कपाटाचे कप्पे पुढच्या बाजूला उतरते. मागे टाकलेली वस्तू आपोआप पुढे येणार, काठावरच्या पट्टीला टेकून थांबणार. गुरुत्वाकर्षण पगार मागत नाही आणि त्याचे गुडघे दुखत नाहीत.

उताराचा कोन प्रयोगाने काढला. पोळपाटावर नट ठेवले आणि अम्माराच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने मोजलं. पंधरा अंश. पोळ्या अर्धा तास थांबल्या म्हणून जैतुनने आवाज केला. सगळ्या मोठ्या संशोधकांच्या बायका असंच करत असणार.

अम्मारा (माझी मुलगी, बी.कॉम.ला आहे, दुपारी दुकानात बसते) म्हणाली, अब्बा, बाजीरावभाऊंना एकदा विचारा तरी. मी म्हटलं, रोगाला विचारून औषध देतात का?

१३ नोव्हेंबर
लोणावळ्याला सत्यमच्या वर्कशॉपवर गेलो. फॅब्रिकेशनचं काम करतो, हुशार आहे, पण design मधलं कळत नाही. चिक्कीच्या खोक्याच्या पाठीवर drawing काढून दिलं. बारा कप्पे, प्रत्येकात बारा खण, एकूण एकशे चव्वेचाळीस. तो म्हणाला, काका, उतार आतल्या बाजूला हवा ना? मी म्हटलं, बाहेर. वस्तू पडतील काका. मी म्हटलं, त्यासाठीच एक इंचाची पट्टी आहे. मग म्हणाला, पावडर कोटिंगने पत्रा गुळगुळीत होतो. मी म्हटलं, छान, speed वाढेल.

कप्पे वेल्डिंग न करता नट-बोल्टवर बसवू या, पुढेमागे काढता येतील, असा त्याने फारच हट्ट धरला. तेवढं त्याचं ऐकलं. माणसाचा उत्साह मारू नये.

२१ नोव्हेंबर
कपाट आलं! सहा फूट उंच, पाच फूट रुंद, राखाडी रंग. नाव: हमीद रॅक. Patent बद्दल चौकशी करायची.

दुकान थोडं लहान वाटतंय. काउंटरची फळी आता उघडत नाही, खालून वाकून जावं लागतं. कमरेला व्यायाम.

२४ नोव्हेंबर, रविवार
बाजीरावभाऊंची सुट्टी बघून काम उरकलं. ताडपत्रीवर त्र्याऐंशी डबे उपडे केले. काय तो गोंधळ! एका खोबरेल तेलाच्या डब्यात नळाचे वायसर, दोन स्प्रिंगा, गॅसच्या शेगडीचं बटण आणि खिळे एकत्र. एकतीस वर्षं हा माणूस हेच करत होता!

सगळं जातीनिहाय, मापनिहाय लावलं. वरच्या कप्प्याला A, खालच्याला L. नळाचा अर्ध्या इंची वायसर: D-7. इतकं सोपं.

अम्माराने मदत केली नाही. डबा उपडा करायच्या आधी प्रत्येकाचा आतून फोटो काढत बसली. हल्लीच्या पोरांना कशाचेही फोटो लागतात.

२५ नोव्हेंबर
बाजीरावभाऊ आले. एका कप्प्याच्या उतारावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, लय चकाचक झालंय शेठ. खऱ्या माणसाला चांगलं दिसलं की मान्य करावंच लागतं. रिकामे डबे मागच्या बाजूला टाकले होते, तिकडे बघून म्हणाले, डबं तेवढं भंगारात देऊ नका. भावनाप्रधान माणूस. ठेवले.

२८ नोव्हेंबर
Speed test, मोबाईलवर वेळ लावून. पाव इंची नट, अकरा सेकंद! (नुकताच मीच ठेवला होता. त्याने काही बिघडत नाही.) मग अम्माराने परीक्षा घेतली. चार मिनिटं दहा सेकंद. हात गरम व्हायला वेळ लागतो.

३० नोव्हेंबर
बाजीरावभाऊंचा शेवटचा दिवस. शाल, नारळ, चहा, बिस्किटं. दुकानात उभं राहायला जागा नव्हती. गिरणीवाले आले, पंपवाले आले, लोहगडवाडीहून विठाबाई आल्या. त्यांचा गडाच्या पायथ्याशी ट्रेकवाल्यांसाठी चहा-भज्यांचा स्टॉल आहे. मी कपाटाच्या design वर पंधरा मिनिटं बोललो. विठाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. भाषण परिणामकारक झालं.

नंतर अम्मारा म्हणाली, त्या बाजीरावभाऊंसाठी रडत होत्या. असेल. दोन्ही कारणं असू शकतात.

२ डिसेंबर
माझा पहिला दिवस. सतरा गिऱ्हाइकं आली. तिघांना माल दिला, चौदा परत गेली. एक फायदा लगेच दिसला. दुकानात उगाच रेंगाळणं बंद झालं.

अडचण कपाटाची नाही, लोकांची आहे. कुणी नीट नाव सांगत नाही. एकाने बोटांनी हवेत काहीतरी गोल काढलं आणि म्हणाला, असलं. एकाने खिशातून गंजलेला तुकडा काढून काउंटरवर ठेवला, ह्येच्या जोडीचं द्या. मी विचारलं, माप काय? तो म्हणाला, तुमी दुकानदार ना? उद्या मापांचा तक्ता बाहेर लावतो. लोकांना शिकवावं लागेल.

३ डिसेंबर, दुपारी १२
दुकानामागून रेल्वेलाइन जाते हे design मध्ये धरलं नव्हतं. लोकलने काही होत नव्हतं, पण आज साडेअकराला भरलेली मालगाडी गेली. पत्रा थरथरला आणि C-4 चे स्क्रू मुंगीसारखे रांगेने पुढे आले, पट्टीवरून उतरून D, E, F अशा कप्प्यांत गेले. मी दोन्ही हात पसरून कपाटाला मिठी मारून उभा होतो. मालगाडी मोठी होती. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं, माझ्याकडे बघितलं आणि आल्या पावली गेलं.

४ डिसेंबर
उपाय सापडला. सत्यमला बोलावून पट्टी चार इंच करून घेतली. आता एक वॉशर पडला तर नाव बदलीन!

५ डिसेंबर
खरंच एकही पडला नाही. मात्र वरचा कप्पा आणि खालची पट्टी यांच्या मधून माझा हात आत जात नाही. अम्माराचा जातो, पण मुद्दा तो नाही. जैतुनचा स्वयंपाकघरातला चिमटा आणला. चिमट्याने खिळा उचलता येतो, नट निसटतो. सराव करायचा. रोज अर्धा तास.

जैतुनने चहा कापड धरून उतरवला.

६ डिसेंबर
विठाबाई आल्या. पाण्याच्या पिंपाचा नळ गळतोय, वायसर पाहिजे. शनिवार-रविवारी ट्रेकवाल्यांची गर्दी, पिंप रात्रीत रिकामं होतं, पाणी डोक्यावरून आणावं लागतं. मी D-7 मधून चिमट्याने वायसर काढला. नाही बसला. दुसरा. नाही. D-7 ते D-9 सगळे काउंटरवर. चाळीस मिनिटं. मी म्हटलं, तुमचा नळच चुकीचा आहे. असं म्हणायला नको होतं.

शेवटी अम्माराने मला न विचारता बाजीरावभाऊंना फोन लावला. स्पीकरवर. ते म्हणाले, शेठ, वायसर न्हाई बघायचा. कोन आलंय त्ये बघायचं. लोहगडवाडीची विठाबाई का? तिचा नळ जुना हाय, त्याला जाड वायसर लागतो, पंपाचा. खोबरेलाचा डबा तिचाच. तिच्या शेगडीचं बटन, खाटल्याची स्प्रिंग, समदं त्यातच हाय.

म्हणजे डबे मालाचे नव्हतेच. माणसांचे होते! हा गिरणीवाल्याचा, हा वडिवळ्याच्या पंपवाल्यांचा, हा त्या वॉचमनच्या बंगल्याचा. आणि मी ते सगळे ताडपत्रीवर ओतून मापनिहाय लावले.

ही काय पद्धत झाली? कोणत्या पुस्तकात आहे? माणूस मेला तर डब्याचं काय करायचं? मी फोनवर हे सगळं विचारलं. ते म्हणाले, पोरगा येतो की त्याचा.

वायसर मिळाला. विठाबाई अम्माराला म्हणाल्या, लय उपकार झाले बाय. मला वाईट वाटलं. खरं लिहायचं तर फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही.

७ डिसेंबर
रात्रभर विचार केला. कपाट बरोबरच आहे. लोकच अजून त्यासाठी तयार नाहीत. मागे हटायचं नाही. हायवेपलीकडच्या दुकानात गर्दी दिसली. जाऊ देत. चार दिवसांत परत येतील.

११ डिसेंबर
आले नाहीत.

१४ डिसेंबर
माझ्या दुकानात माझ्याविरुद्ध कट झाला. अम्माराने बाजीरावभाऊंना दोन दिवस बोलावून घेतलं. रिकामे डबे आत आले. ती मोबाईलमधले फोटो दाखवते, ते खुर्चीत बसून सांगतात, ती भरते आणि मार्करने डब्यावर नाव लिहिते. विठाबाई. गिरणी. शिवाय ज्यांचे डबे नव्हते त्यांचेही नवे केले. मी जाहीर निषेध म्हणून चिमट्याचा सराव चालू ठेवला. दोघांनाही तो दिसला नाही.

१८ डिसेंबर
गर्दी परतली. वॉचमनही आला. माझ्याकडे सरळ बघून म्हणाला, अम्माराताई नाहीत का?

कपाट रिकामं उभं आहे. जैतुन म्हणाली, घरी चपला-बुटांना घ्या. एक दिवस नेऊन बघितलं. चपला घसरून पट्टीपाशी ढीग होतो. परत दुकानात आणलं. भंगारवाला दोनदा डोकावून गेला, त्याला हाकलून दिलं. हमीद रॅक भंगारात जाणार नाही. माझ्यानंतर गेलं तर गेलं.

२३ डिसेंबर, सकाळी १०.४०
नोंद करण्याजोगी घटना. वेळ मुद्दाम लिहिली आहे.

दारात एक म्हातारी बाई. अम्मारा समोर होती, तरी तिला ओलांडून आत बघत म्हणाली, हमीदशेठ हितंच बसत्यात का?

अम्मारासुद्धा मागे वळून बघत राहिली. मी फळीखालून वाकून बाहेर आलो, डोकं आपटलं, तरी ताठ उभा राहिलो. म्हटलं, मीच.

त्या चिमाबाई. बाजीरावभाऊंच्या मंडळी. एकतीस वर्षांत पहिल्यांदाच दुकानात आल्या. म्हणाल्या, ह्यांनी सांगितलं तुमी लय भारी कपाट काढलंय. वस्तू आपसूक पुढं येती म्हनं. मी म्हटलं, पंधरा अंश. बाई म्हणाल्या, माझ्या कोंबड्या कुटंबी अंडी घालत्यात. गवतात, चुलीमागं, जात्याखाली. शोधून शोधून कंबर गेली. आनि घरात घातलं तर पायाखाली फोडत्यात. त्यात बसून घातलं की अंडं पुढं येईल न्हव का?

मी म्हटलं, मावशी, हे industrial design आहे. कोंबड्यांसाठी नाही. कदापि नाही.

११.१५
अम्मारा म्हणते, बारीक वस्तू चटकन सापडणं, हेच तर तुम्हाला हवं होतं ना अब्बा?

दिलं. पण अट घातली. बसवायला मी स्वतः येणार.

२९ डिसेंबर, रविवार, वडिवळे
बसवून पाच दिवस झाले, म्हणून आज पाहणीला आलो. बारापैकी चार कप्पे ठेवलेत, खणांचे मधले पत्रे सगळे काढले. पट्टी परत एक इंच. पहिले दोन दिवस कोंबड्या घसरल्या, मग चिमाबाईंनी गोणपाट अंथरलं.

माझ्या डोळ्यांदेखत एक तांबडी कोंबडी उठली. अंडं हललं, हळूहळू पुढे आलं आणि पट्टीला टेकून थांबलं. फुटलं नाही. मी आजवर इतका आनंदी कधी झालो नव्हतो. बाजीरावभाऊंचा हात धरून म्हटलं, बघितलंत? ते म्हणाले, बघितलं शेठ. एक नंबर.

गावातल्या पाच-सहा बाया बघायला जमल्या होत्या. एकीने विचारलं, कुनी केलं गं ह्ये? मी शर्ट खाली ओढला. चिमाबाई म्हणाल्या, आमच्या ह्यांच्या दुकानातलं हाय. बाजीरावभाऊंना ते बरं वाटलं नाही. त्यांनी हात करून मला पुढं घेतलं आणि मोठ्या मानाने सगळ्यांना ओळख करून दिली. ह्ये आमचे हमीदशेठ. आमच्या दुकानात बसत्यात.

सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला. बसतो.